अनुभव : निरंक

रहिमतपूर, जि. सातारा
४ मार्च १९९६

श्री. गंगाधर मगदूम, अर्जलेखनतज्ज्ञ, सांगली, यांस अंजना निकम हिचा नमस्कार.

शेजारणीनं सांगलीहून भडंग आणलं, त्याच्या पुडीच्या कागदावर तुमची जाहिरात होती. ‘नोकरी तुमची, शब्द आमचे. उत्कृष्ट बायोडाटा पोस्टानेही करून मिळेल.’ तेल लागल्यामुळं फी वाचता आली नाही, ती कळवावी.

साताऱ्याला मुलींच्या वसतिगृहात रेक्टरबाई पाहिजेत. राहायला खोली देतात. अर्जासोबत ‘सविस्तर बायोडाटा’ मागितलाय, तीस एप्रिलच्या आत. माझं वय त्रेचाळीस, जुनी अकरावी पास, लग्न झालेलं नाही. थोरल्या भावाकडं राहते. पुतण्याचं लग्न काढलंय, त्याला माझी खोली लागणार. माझी वळकटी दादाच्या खताच्या गोदामात टाकायचं घरात घाटतंय. युरियाच्या पोत्यांशेजारी झोप लागत नाही असं नाही, पण डोळ्यांतनं पाणी येतं आणि लोकांना वाटतं बाई रडतीय.

घरात अजून कुणाला बोललेली नाही. उत्तर पाकिटातून पाठवा, कार्डावर नको. आमच्या पोस्टमनला वाचनाची आवड आहे.

अंजना निकम


मगदूम टंकलेखन व अर्जलेखन केंद्र
गणपती पेठ, सांगली
९ मार्च १९९६

श्रीमती अंजनाबाई निकम यांस,
स. न. वि. वि.

आपले पत्र पावले. योग्य ठिकाणी आलात. मी बावीस वर्षे कोर्टात टंकलेखक होतो. माणूस कागदावर कसा उभा करायचा आणि कसा आडवा करायचा, दोन्ही पाहिले आहे. आता फक्त उभे करतो.

सोबत प्रश्नावली व फीचे पत्रक आहे. प्रत्येक रकाना भरावा. रिकामा रकाना आणि पडलेला दात, दोन्ही मुलाखतीत आधी दिसतात.

आपला विश्वासू,
गं. य. मगदूम


रहिमतपूर
१५ मार्च १९९६

मगदूमसाहेब,

फीची मनिऑर्डर केली. प्रश्नावली भरून पाठवतेय.

शिक्षण : जुनी अकरावी.
पूर्वीची नोकरी : नाही.
अनुभव : निरंक. (हा शब्द ग्रामपंचायतीच्या फॉर्मात असतो. ‘नाही’पेक्षा बरा दिसतो.)
भाषा : मराठी. हिंदी समजतं. आईचं माहेर जतकडचं, म्हणून कन्नडही कळतं, भांडणापुरतं.
पुरस्कार : नाही.
छंद : वेळ झाला नाही.
विशेष प्रावीण्य : नाही.

एकही रकाना रिकामा ठेवलेला नाही. आता यातनं तुमी काय उभं करताय ते बघते.

अंजना निकम


सांगली
२० मार्च १९९६

अंजनाबाई,

प्रश्नावली वाचून मी अर्धा तास नुसता बसून होतो. बावीस वर्षांत आरोपींनीही इतके ‘नाही’ सांगितलेले नाही.

एकाच प्रश्नाचे सरळ उत्तर द्या. एवढ्या नोकऱ्या सोडून तुम्ही वसतिगृहाचीच जाहिरात का कापून ठेवलीत?

गं. य. मगदूम


रहिमतपूर
२६ मार्च १९९६

मगदूमसाहेब,

का म्हणजे? पोरी सांभाळायची सवय आहे म्हणून.

आमच्या परड्यात दोन खोल्या होत्या. आसपासच्या खेड्यांतनं पोरी इथं हायस्कुलात यायच्या, एस.टी. वेळेवर नसायची. म्हणून त्या आमच्याकडं राहायच्या. अकरा वर्षं. कधी नऊ, कधी चौदा. दादा भाडं घ्यायचा, बाकी मी बघायची. पहाटे उठवणं, बंबात पाणी, डबे, उवा, ताप, पाढे. रुसणं-फुगणं तर रोजचंच. एकदा न्हाणीत साप निघाला, तो काठीनं परड्याबाहेर घालवला आणि पोरींना तासाभरानं सांगितलं. आधी सांगितलं असतं तर साप राहिला असता आणि पोरी पळाल्या असत्या.

प्रियदर्शनी नावाची पोर होती, कांबळ्यांची. दहावीच्या परीक्षेला तीन दिवस राहिलेले, आणि तिचे वडील तिला न्यायला आले. म्हणाले, “पाव्हणे बघायला येत्यात, पोरगीला घिऊन जातो.” मी उंबऱ्यात बसले. म्हटलं, “पेपर झाले की न्या.” ते म्हणाले, “आवं बाई, उठा की.” मी म्हटलं, “न्हाई उठत.” संध्याकाळपर्यंत बसले. मग त्यांनाच भूक लागली. तिथंच जेवायला वाढलं. जेवले आणि एकटेच गेले. ती आता साताऱ्यात नर्स आहे.

दादानं त्या खोल्यांचं गोदाम केलं, तेव्हा पोरी बंद झाल्या. त्यात आईला अर्धांग झालेला. नऊ वर्षं तिचं सगळं अंथरुणातच, तेही मीच केलं. पण याला काय अनुभव म्हणतात व्हय? पगार कुठं होता?

अंजना


सांगली
१ एप्रिल १९९६

अंजनाबाई,

तुमचे पत्र पावले. दोनदा वाचले, एकदा मोठ्याने, माझी मुलगी क्षमा हिला ऐकवण्यासाठी. तुमच्यासारखी बाई आजवर कुणाच्या नजरेस कशी पडली नाही, याचेच नवल वाटते.

आता उशीर नको. फोटो ताबडतोब पाठवा, समोरून काढलेला, चेहरा स्पष्ट हवा. पुढचे सर्व माझ्यावर सोपवा. बायोडाटा एकदा हाती पडला की तुमच्या घरच्यांनाही तुमची किंमत कळेल.

आपला,
गंगाधर मगदूम


लालासाहेब निकम, खते व बी-बियाणे विक्रेते
रहिमतपूर
८ एप्रिल १९९६

रा. रा. मगदूमसाहेब, रामराम.

आमच्या अंजनाला तुमी धाडलेलं पाकीट चुकून आमच्या मंडळींनी, म्हणजे अंजनाच्या वहिनीनं फोडलं. तिनं मला दाखवलं. मी वाचून परत भाताच्या शितानं चिकटवून ठेवलं, अंजनाला पत्ता न्हाई.

साहेब, लय बरं वाटलं. आमी तिच्या काळजीनं झुरत होतो. तुमी आपणहून तिचं भलं करायला निघाला, ही देवाची करणी. जातपात, कूळ असलं आमी आता काय बघत न्हाई. जग कुठं चाललंय. फकस्त तुमची अपेक्षा काय, द्यायचं-घ्यायचं काय, ते मोकळेपणानं कळवा. आणि एकदा समक्ष भेट घ्यावी म्हणतो.

आपला,
लालासाहेब निकम


सांगली
१२ एप्रिल १९९६

श्री. लालासाहेब निकम यांस,
स. न. वि. वि.

बहिणीच्या भवितव्यात एवढा रस घेणारा भाऊ विरळा. तुमचे जातीविषयीचे उदार विचार वाचून आनंद झाला. मीही तो रकाना मुळातच ठेवत नाही.

द्यायचे-घ्यायचे म्हणाल, तर बाईंनी ते मनिऑर्डरने आधीच पाठवले आहे. याउपर मला एक पैसाही नको. फक्त मुदत सरत चालली आहे, तेव्हा त्यांचा फोटो लवकर मिळाला तर बरे. अनुभव असा आहे की एवढ्या वयाच्या बाईंना पहिल्यांदाच कुठे पाठवायचे तर कागद भक्कम लागतो. तो मी करतो.

रविवार सोडून केव्हाही या.

आपला विश्वासू,
गं. य. मगदूम


सांगली
१२ एप्रिल १९९६

अंजनाबाई,

बायोडाट्याचा मसुदा सोबत आहे. मुख्य परिच्छेद इथेही देतो :

‘अल्पवयीन विद्यार्थिनींच्या निवासव्यवस्थेचा अकरा वर्षांचा प्रदीर्घ अनुभव. आहार-नियोजन, आरोग्य-निरीक्षण, पालक-समुपदेशन व सर्पनिर्मूलन यांत विशेष प्रावीण्य. दीर्घकालीन रुग्णसेवेची नऊ वर्षांची अखंड परंपरा.’

क्षमा म्हणते, ‘परंपरा’ काढा. माझे मत ठेवावे असे आहे.

गं. य. मगदूम


रहिमतपूर
१७ एप्रिल १९९६

मगदूमसाहेब,

मसुदा वाचला. ही बाई कोण आहे? भेटली तर मी उठून उभी राहीन.

‘सर्पनिर्मूलन’ काढा. मी त्याला मारला नाही, घालवला. ‘पालक-समुपदेशन’ही काढा. मी उंबऱ्यात बसले एवढंच. मुलाखतीत कुणी त्याचा अर्थ विचारला तर काय सांगू? बाकीचं चालेल. उवांचं लिहिलं नाहीत ते बरं केलंत. फोटो सोबत आहे. पदर घेतला नाही, कारण तुमी चेहरा स्पष्ट पाहिजे म्हणालात.

एक कळत नाही. गेल्या आठ दिवसांत घरातली माणसं बदलली आहेत. वहिनी तुमचं पाकीट स्वतः आणून देते, हसते, आणि मला चहा करून देते. चोवीस वर्षांत मी तिच्या हातचा चहा प्यायले नव्हते. बरा करते. दादा काल विचारत होता, “सांगलीचं पाणी तुला मानवंल का?” मी म्हटलं, सांगलीचं पाणी कशाला? तर लाजून गोदामात गेला.

अंजना


सांगली
२३ एप्रिल १९९६

अंजनाबाई,

तुम्ही म्हणालात ते दोन्ही शब्द मी काढणार होतो, पण तसे केले तर परिच्छेद बोडका दिसतो. क्षमा करा, ठेवले आहेत. सुबक टंकलिखित तीन प्रती सोबत आहेत.

काल तुमचे बंधू आले होते, बरोबर हरिबातात्या म्हणून एक वृद्ध गृहस्थ. इतके चोखंदळ गिऱ्हाईक मी आजवर पाहिले नाही. दुकान पाहिले, मागचे घर पाहिले, छपराचे पत्रे मोजले, उताऱ्यावर नाव कुणाचे ते विचारले. मला साखरेचा आजार आहे का, तंबाखू आहे का, दात माझेच का, तेही विचारले. मी समजलो, ज्याच्याकडून लिहून घ्यायचे त्याची पारख करून घ्यावी, हा रहिमतपूरचा रिवाज असेल.

मग तात्यांनी हळू आवाजात विचारले, “पहिली कवा गेली?” मी टेबलावरच्या भाड्याच्या टंकयंत्राकडे पाहत म्हणालो, “चार वर्षे झाली. फार खडखड करायची, पण साथ चांगली दिली. शेवटी शेवटी तिचा ‘र’ उठेना.” तात्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, “वाचाच गेली म्हणायची.” मी म्हणालो, “आता दुसरी आणायची आहे. बिनआवाजाची निघाली आहे म्हणतात.” तुमचे बंधू घाईने म्हणाले, “आमची काय अगदीच बिनआवाजाची न्हाई, पर मनानं चांगली हाय.” मला वाटले, त्यांच्याकडेही टंकयंत्र आहे.

जाताना मला नारळ दिला, टॉवेल-टोपी केली, सुपारी फोडली. क्षमा आतल्या खोलीत पोट धरून हसत होती. कारण विचारले तर सांगेना.

गं. य. मगदूम


रहिमतपूर
२६ एप्रिल १९९६

मगदूमसाहेब,

क्षमाला कळलं, पण तुमाला कोण सांगणार?

सुपारी फोडली म्हणजे लग्न ठरलं! ‘पहिली’ म्हणजे तुमची बायको, मशिन न्हवं! ‘दुसरी’ म्हणजे मी! दादानं काल गल्लीत पेढे वाटले. पोस्टमननं मला लाजत “अभिनंदन” म्हटलं, तेव्हा कळलं.

तुमचं एक तारखेचं पत्र मी परत काढून वाचलं. ‘तुमच्यासारखी बाई’, ‘फोटो पाठवा’, ‘पुढचे सर्व माझ्यावर सोपवा’. दादाची पण काय चूक म्हणायची?

मी त्याच्यासमोर बायोडाट्याची प्रत ठेवली. म्हटलं, हा लग्नाचा न्हाई, नोकरीचा हाय. त्यानं वाचला. मग म्हणाला, “नोकरी? आमी तुला उपाशी ठिवलं व्हय?” मी म्हटलं, न्हाई, उपाशी कधीच न्हाई ठेवलं. वहिनीनं चहाचा कप उचलून नेला, अर्धा राहिलेला.

एकच गोष्ट मनाला लागली. बावीस वर्षांपूर्वी इस्लामपूरच्या एका मास्तरचं स्थळ आलं होतं. चांगला होता. दादानं कूळ कमी म्हणून परत लावलं. आणि आता तुमाला काय लिहिलं ते वहिनीनं सांगितलं, जातपात बघत न्हाई म्हणे. आता कुळापेक्षा माझी रिकामी खोली महाग झालीय, एवढाच त्याचा अर्थ.

अर्ज आज रजिस्टरनं टाकला.

अंजना निकम


सांगली
३० एप्रिल १९९६

अंजनाबाई,

क्षमाने समजावून सांगितले. काल दिवसभर मी दुकान उघडले नाही.

पत्नी जाऊन सात वर्षे झाली. तिला खडखड मुळीच नव्हती, हे हरिबातात्यांना कसेही करून कळवावे.

तुमच्या बंधूंना मी खुलाशाचे पत्र लिहिले आहे. चार मसुदे फाडले. शब्दांचा धंदा करणाऱ्याकडून असे व्हावे, याची शरम वाटते. मुलाखतीला मनापासून शुभेच्छा.

गंगाधर मगदूम


रहिमतपूर
२५ मे १९९६

मगदूमसाहेब,

मुलाखत झाली. नोकरी मिळाली नाही.

टेबलापलीकडं पाच पुरुष आणि एक बाई. अध्यक्षांनी तुमचा कागद हातात धरून विचारलं, “सर्पनिर्मूलन म्हणजे आपण वन खात्यात होता का?” सगळे हसले. मग दुसऱ्यानं विचारलं, “पालक-समुपदेशन करताना आपण कोणती पद्धत वापरता?” मी म्हटलं, “उंबऱ्यात बसायची.” परत हसले. त्या बाई तेवढ्या हसल्या नाहीत. काहीतरी विचारणार होत्या, पण अध्यक्षांनी पुढच्या उमेदवाराला बोलावलं. ती बी.ए. बी.एड. झालेली, कुणाच्यातरी नात्यातली. तिलाच घेतलं.

बाहेर आले आणि एस.टी. स्टँडवर बसून भजी खाल्ली. तुमचा राग आला होता. भजी संपेपर्यंत उतरला. तुमी चांगल्याच मनानं केलं. पण माझं मला सांगता आलं असतं. ते तुमच्या शब्दांखाली सापडलंच नाही.

माझी वळकटी गोदामात गेली.

अंजना


सांगली
२ जून १९९६

अंजनाबाई,

तुमचे पत्र वाचले. यात माझ्या बचावाचा एकही मुद्दा नाही.

तुम्हाला न विचारता एक गोष्ट केली आहे. तुमचे २६ मार्चचे पत्र जसेच्या तसे टाइप केले. साप, उवा, उंबरा, कांबळे, सगळे. एक शब्द बदलला नाही. वर फक्त एवढे लिहिले, ‘यांचा खरा बायोडाटा हा. आधीचा माझा होता. तो रद्द समजावा.’ आणि संस्थेला, त्या न हसलेल्या बाईंच्या नावाने, पाठवून दिले. नाव शिपायाला फोन करून काढले. आमच्या धंद्यात ही नामुष्की आहे, पण मला हलके वाटते.

दुसरे लिहावे की नाही, कळत नाही. तात्यांनी दिलेला नारळ मी परत केलेला नाही. विसरलो, असे लिहिणार होतो. ते खरे नाही. मी चोपन्न वर्षांचा आहे, घर स्वतःचे आहे, दात माझे आहेत. गैरसमजाने का होईना, त्या दोघांनी जे ठरवले ते मला पुढे वाईट वाटेना. राग आला तर हे पत्र फाडा. क्षमाने वाचलेले नाही. असे मी समजतो.

गंगाधर


रहिमतपूर
१६ जून १९९६

मगदूमसाहेब,

पत्र फाडलं नाही. पण नारळ फोडा आणि खोबऱ्याची चटणी करून खा.

तुमी माणूस चांगले आहात. पण ऐका. मी बापाच्या घरातनं भावाच्या घरात आले, तेही घर न बदलता. आता भावाच्या घरातनं नवऱ्याच्या घरात आले, तर मधे मी कुठं राहिले? गोदामात तीन आठवडे. तेवढं पुरत नाही.

रागावू नका. पत्र लिहीत जा. गोदामात पत्र वाचायला निवांत असतं.

अंजना


सातारा
११ जुलै १९९६

मगदूमसाहेब,

पत्त्याकडं बघा. सातारा लिहिलंय!

ती बी.ए. झालेली बाई नऊ दिवस टिकली. पाऊस लागला, संडासाची टाकी तुंबली, दोन पोरींची आमटीवरनं मारामारी झाली आणि एकीच्या उशाखाली बेडूक निघाला. बाई सुट्टीवर म्हणून गेल्या त्या गेल्याच. मग त्या न हसलेल्या बाईंनी, अश्लेषा पटवर्धन त्यांचं नाव, तुमी पाठवलेला कागद अध्यक्षांपुढं ठेवला. मला तारेनं बोलावलं.

या वेळी पटवर्धनबाईंनी एकच विचारलं, “त्या मुलीच्या वडिलांना जेवायला काय वाढलंत?” मी म्हटलं, “पिठलं-भाकरी. कांदा त्यांनीच फोडला.” त्या म्हणाल्या, “कधी रुजू होता?”

त्रेसष्ट पोरी आहेत. टाकी साफ झाली. मारामारी केलेल्या दोघींना एकाच ताटात जेवायला बसवलं, आता एकीशिवाय दुसरी जेवत नाही. बेडूक गेला, निर्मूलन केलं नाही.

बाकी सवडीनं.

अंजना


सातारा
२६ ऑगस्ट १९९६

मगदूमसाहेब,

तुमचं पत्र मिळालं. नवी मशिन आली आणि तिचा आवाज येत नाही म्हणून तुमाला करमत नाही, हे वाचून पोरींना पण हसू आलं. व्हय, वाचून दाखवलं. सगळं न्हाई.

काल दादा आला होता. इथं भेटायला येणाऱ्याला व्हरांड्यात बाकावर बसावं लागतं, आतनं शिपाईणबाई निरोप घेऊन येतात. रंगूबाई नाव त्यांचं, फार कडक. त्यांनी दादाला पाऊण तास बसवलं, कारण मी दोन पोरींना घेऊन डॉक्टरकडं गेले होते. आले तर दादा टोपी गुडघ्यावर ठेवून बसलेला. पोरी जाता-येता मला “बाई, हे करू का, बाई, ते करू का” विचारत होत्या, तो नुसता बघत होता. मग म्हणाला, “एवढ्या जणी तुला इचारत्यात व्हय?”

पुतण्याचं लग्न लांबलं, आता मार्गशीर्षात आहे. मी आठ दिवस आधी येऊन स्वयंपाकाकडं बघावं, असं वहिनीचं म्हणणं. मी म्हटलं, “लग्नाला येईन. दोन दिवस रजा मिळते. आत्या म्हणून येईन, आचारी म्हणून न्हाई.” मला वाटलं, चिडेल. तो म्हणाला, “बरं. मोटार धाडतो.” उठताना मान खाली घालून म्हणाला, “त्या मास्तरचं स्थळ मी परत लावाय नको हुतं, अंजे.” मी त्याला चहा दिला. दोघांनी व्हरांड्यातच घेतला. पाऊस लागला होता, म्हणून अर्धा तास आणखी थांबला. एवढा वेळ आम्ही दोघं कधी नुसते बसलो नव्हतो.

आता तुमच्या प्रश्नाचं. साताऱ्याला दुसरं काम आहे, तर वाटेत येऊ का, असं विचारता. साहेब, सांगलीहून साताऱ्याला येताना सातारा वाटेत लागत नाही, साताऱ्यालाच यावं लागतं. सरळ या. थोरल्या पोरींना नोकरीचे अर्ज कसे लिहायचे ते शिकवा, पण तुमचे अवघड शब्द घरी ठेवून या. क्षमाला आणा.

भेटीची वेळ रविवारी चार ते सहा. रंगूबाईंच्या टेबलावर रजिस्टर आहे, त्यात नाव, गाव, वेळ आणि शेवटच्या रकान्यात नातं लिहावं लागतं. तो रकाना रिकामा असेल तर त्या आत निरोप देत नाहीत, आणि ‘निरंक’ही त्यांना चालत नाही. तिथं काय लिहायचं ते मी तुमाला सांगणार नाही. येताना एस.टी.त विचार करून या. तीन तास मिळतील.

अंजना निकम
रेक्टर